पुढचा भाग

एखाद्या कादंबरीमालेविषयी वाचकांचे खरे मत जाणून घ्यावयाचे असेल, तर तिच्यावर लिहिले गेलेले अभिप्राय चाळण्यापूर्वी त्या मालेचे सर्व भाग एखाद्या जुन्या वाचनालयाच्या फळीवरून उतरवून मेजावर ओळीने मांडावेत, असे ग्रंथपालाच्या कामात आयुष्याचा मोठा काळ घालविल्यानंतर मला निश्चितपणे वाटते. नाथमाधवांच्या स्वराज्यमालेचा आमच्या धामणगावच्या वाचनालयातील संच असा मांडला, म्हणजे ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ या भागाची मूळ बांधणी केव्हाच खिळखिळी होऊन तिच्या जागी खाकी कापडाची नवी पाठ चढलेली, पानांचे खालचे कोपरे अंगठ्यांच्या घामाने तपकिरी होऊन गोलसर झालेले, आणि अखेरच्या कोऱ्या पानावर तारखांच्या चिठ्ठ्या एकीवर एक चिकटवीत गेल्यामुळे मलपृष्ठ फुगून आलेले दिसते; ‘स्वराज्याची स्थापना’ जवळपास त्याच अवस्थेत; ‘स्वराज्याचा कारभार’ बराच सुस्थितीत; आणि ‘स्वराज्यातील दुफळी’पर्यंत यावे, तो पाने अशी करकरीत की, बांधणीवाल्याने शिवताना ओढलेला दोरासुद्धा ढिला झालेला नाही. याच भागात मला एकदा कापसाच्या वजनाच्या पावतीचा घडी घातलेला तुकडा सापडला. कोणा वाचकाने खूण म्हणून ठेवलेल्या त्या तुकड्यापर्यंतची पाने किंचित मळलेली होती. पुढच्या पानांना कोणाचा हात लागल्याचे चिन्ह नव्हते.

आमचे गाव मुंबई–नागपूर लोहमार्गावर बडनेरा आणि वर्धा यांच्या दरम्यानचे, यवतमाळकडे जाणाऱ्या उतारूंचे आणि कापसाच्या गाठींचे ठाणे. १८५३ साली वऱ्हाडचा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली, आणि मग कापूस ज्या गाड्यांनी मुंबईकडे जाई त्याच मार्गावरून पुण्या-मुंबईच्या छापखान्यांतली पार्सले इकडे येऊ लागली. वऱ्हाडाला स्वतःचे गड नाहीत असे नाही. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड आणि सातपुड्यातला नरनाळा ही आमची मोठी दुर्गसंपत्ती आहे. परंतु राजगड, तोरणा, सिंहगड ही नावे ज्याच्या काळजाला भिडतात अशा येथल्या वाचकाने पूर्वी ते गड डोळ्यांनी पाहिलेले क्वचितच असत. त्याच्या मनातील सह्याद्री हरिभाऊ आपट्यांनी आणि नाथमाधवांनी रचलेला होता. चुनखडीची, बुरुजांची, दिंडी दरवाजांची, रात्री तटावरून सोडलेल्या दोरांची ती सगळी सृष्टी त्याने छापील पानांवरून उचलून घेतली होती. म्हणून त्या सृष्टीत ज्यांच्याबरोबर तो प्रथम शिरला त्या माणसांशी त्याचे जडलेले नाते, ज्यांच्या गावातून गड रोज दिसतो अशा वाचकाच्या नात्याहून निराळे होते, असे मी अनुभवाने सांगतो.

नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, यांचा जन्म १८८२ चा आणि मृत्यू १९२८ चा. तरुणपणी शिकारीच्या नादात सिंहगडाच्या परिसरातील एका कड्यावरून ते कोसळले आणि कमरेखालचे शरीर कायमचे निकामी झाले. त्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत त्यांनी वाचन आरंभिले आणि वाचनातून लेखन उद्भवले. ज्याला स्वतःच्या पायांवर पुन्हा कधी उभे राहावयाचे नव्हते त्याने घोडदौडीची, गडचढणीची, दऱ्याखोऱ्यांतील पाठलागांची अशी पानेच्या पाने लिहावीत, ही गोष्ट मी नव्या वाचकाला मालेचा पहिला भाग देताना आवर्जून सांगत आलो आहे. ती कळल्यावर पुस्तक हाती घेणाऱ्याची मुद्रा पालटते. त्यांच्यावर माझी भक्ती आहे, आणि तरीही त्यांच्या मालेचे उत्तरभाग पूर्वभागांइतके वाचकांच्या अंतःकरणात उतरले नाहीत, ही वस्तुस्थिती माझ्या देवघेवीच्या वह्यांनी मला वर्षानुवर्षे दाखविली आहे. अशा अपेक्षाभंगाचे कारण वाचकाच्या चंचलतेत शोधण्याची विद्वानांना सवय असते. मला ते कारण मान्य नाही.

पेशवाईवरील अशाच एका मालेचा पुढचा भाग परत करावयास आलेल्या एका वृद्ध बाईंचे शब्द मला या बाबतीत सर्व समीक्षेहून अधिक उपयोगी पडले. शेतीवाडीच्या घरातल्या, अक्षरओळख प्रौढपणी झालेल्या, परंतु एकदा पुस्तक धरले की दिवेलागणीचे भान न राहणाऱ्या अशा त्या वाचक होत्या. पुस्तक मेजावर ठेवून त्या म्हणाल्या, “हे घ्या भाऊ तुमचं पुस्तक. ते पोरगी अन् तो बारगीर, त्याइचं पुढं काय झालं हे यानं सांगितलंच नाही जी. मेली असती तरी चाललं असतं, मी रडून मोकळी झाली असती. पण हा त तिले इसरूनच गेला!” मी विचारले, “मावशी, लढाईचं वर्णन तरी आवडलं का?” त्यावर त्या म्हणाल्या, “लढाई होती त होती बाप्पा. लढाईले मी काय करू?”

ऐतिहासिक प्रणयकथेच्या मालेतील सारी अडचण या उत्तरात आलेली आहे. इतिहासाच्या दफ्तरात ज्यांची नावे नाहीत अशी चार-दोन कल्पित माणसे निर्माण करावीत, त्यांना एखाद्या किल्लेदाराच्या वाड्यात किंवा एखाद्या शिलेदाराच्या पडवीत ठेवावे, त्यांच्या प्रीतीला आणि वैराला इतिहासातील मोठ्या घटनेचा वारा लागू द्यावा, आणि खुद्द इतिहासपुरुष दूर क्षितिजावरून हळूहळू जवळ येताना दाखवावा, हा पहिल्या भागाचा सामान्य विधी होय. १८९५ ते १८९७ या काळात ‘करमणूक’ पत्रात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘उषःकाल’मध्ये हरिभाऊंनी तो विलक्षण कौशल्याने पाळला. विजापूरच्या अन्नाला जागणारा सुलतानगडचा किल्लेदार रंगराव अप्पा आणि स्वराज्याच्या हाकेने व्याकूळ झालेला त्याचा पुत्र नानासाहेब, या बापलेकांच्या ताटातुटीतून शिवकालाचा आरंभ वाचकाला आपल्या घरातल्या तंट्यासारखा कळतो. परंतु माला पुढे सरकते तसतसा इतिहासाचा अंमल वाढू लागतो. ज्याची प्रत्येक स्वारी, प्रत्येक तह, प्रत्येक मुक्काम बखरींत आणि पत्रांत नमूद आहे तो पुरुष रंगभूमीच्या मध्यभागी येऊन उभा राहतो; त्याच्या आयुष्यातील एकही ठळक प्रसंग गाळण्याची लेखकाची छाती होत नाही, आणि त्या तारखांच्या फेरिस्तीत वाड्यातली मुलगी आणि पागेतला बारगीर यांना उभे राहावयासही जागा उरत नाही. त्यांना लेखक बहुधा मारीत नाही. कोणत्या तरी प्रकरणाच्या अखेरीस त्यांचे लग्न लावून अथवा दूरच्या एखाद्या ठाण्यावर पाठवून तो त्यांच्यातून मोकळा होतो. वाचकाने मात्र त्यांना अनामतीसारखे जपून ठेवलेले असते, आणि पुढचा भाग तो याच अनामतीची रुजवात घेण्यासाठी उघडतो.

मावशींनी केलेला मृत्यू आणि विस्मरण यांतला भेद किती खरा आहे, याचा पडताळा ‘वज्राघात’वरून येतो. १९१३ ते १९१५ या काळातली ही हरिभाऊंची कादंबरी विजयनगरच्या १५६५ मधील विनाशाची. तीत कोणाचेही भले होत नाही, आणि तरी ती परत करताना तक्रार करणारा वाचक मी पाहिला नाही. रामराजा आणि मेहेरजान यांच्या प्रीतीतून, तिच्या अवमानातून आणि त्यांचा पुत्र रणमस्तखान याच्या हातून तो राज्यनाश घडतो, अशी रचना हरिभाऊंनी केली. इतिहासाचा प्रलय आणि घरातला अपराध ही तेथे एकच घटना आहे. तालिकोटच्या रणात जे मोडते ते मेहेरजानच्या अंतःकरणात फार पूर्वी मोडलेले असते. वाचक पुस्तक मिटतो तेव्हा त्याचे डोळे भरलेले असतात, परंतु आपल्याला कोणी फसविले ही भावना त्याच्या मनात नसते.

ही अडचण काही मराठी लेखकांच्याच वाट्याला आलेली नाही. फ्रान्समध्ये अलेक्झांडर द्यूमाने १८४४ साली तीन शिलेदारांची आणि त्यांच्या गॅस्कन मित्राची कथा लिहून सबंध युरोपाला वेड लावले, पुढच्याच वर्षी तिचा दुसरा भाग काढला, आणि १८४७ ते १८५० या काळात तिसरा भाग इतका विस्ताराने लिहिला की, त्याचे पुढे अनेक खंड करावे लागले. त्या तिसऱ्या भागात अ‍ॅथॉसचा तरुण पुत्र राऊल ज्या मुलीवर जीव टाकतो ती लुईझ द ला व्हालिएर ही इतिहासातली स्त्री, चौदाव्या लुईची प्रेयसी म्हणून सर्वांना ठाऊक असलेली. तेव्हा राऊलला ती मिळणार नाही हा निकाल द्यूमाने लेखणी उचलण्यापूर्वीच लागलेला होता. लेखकाचे थोरपण हे की, इतिहासाच्या त्या हुकुमातून त्याने राऊलचे दुःख उभे केले. पण त्या दुःखापर्यंत पोहोचण्यासाठी वाचकाला राजदरबारातल्या मसलतींची इतकी लांबलचक वाट तुडवावी लागते, आणि ज्यांच्यासाठी त्याने माला हाती घेतली ते चौघे मित्र त्या वाटेवर इतके विरळ भेटतात, की पहिल्या भागाचा भक्त तेथे थकतो. कीर्तीच्या शिखरावर असलेल्या द्यूमाला जे सर्वस्वी साधले नाही ते आमच्या लेखकांना, आठवड्याच्या आठवड्याला छापखान्याची मुदत गाठताना, नेहमीच साधावे असा हट्ट धरणे अन्यायाचे होईल. वाचकाची निराशा खोटी ठरविणे त्याहूनही अन्यायाचे होईल.

मग ग्रंथपालाने काय करावे? या व्यवसायात मी आलो तेव्हा एका भागानंतर लगोलग दुसरा भाग वाचकाच्या हाती ठेवणे हीच उत्तम सेवा, असे सर्वत्र मानले जाई. हळूहळू मी वेगळा प्रघात पाडला. पहिल्या भागाने भारावलेला वाचक पुस्तक परत करावयास आला की मी त्याला मध्ये दुसऱ्या जातीचे एखादे पुस्तक देऊ लागलो, एखादे प्रवासवर्णन किंवा चरित्र, म्हणजे पहिल्याचा आवाज कानात घुमत असतानाच दुसऱ्याची पारख होत नाही. आणि उत्तरभाग देताना कथानकाचा एक शब्दही न सांगता एवढेच सुचवू लागलो, “यात दरबार फार आहे, घर थोडं आहे.” लग्नसराईत पुस्तके नेणाऱ्या बायका, पेरणी आटोपून पावसाच्या झडीत वाचावयास बसणारे शेतकरी, रात्रपाळीला दिव्याखाली पुस्तक धरणारे रेल्वेचे लोक, या सर्वांना तेवढी सूचना पुरे होई. काहीजण भाग तसाच ठेवून जात, परंतु नेणारे बहुधा तो शेवटपर्यंत वाचून आणीत. कारण दरबार पाहावयास निघालेला माणूस दरबार भेटला म्हणून रागावत नाही.

न वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या निर्लेखनाचा प्रश्न आमच्या कार्यकारी मंडळापुढे आला तेव्हा यादीत पहिली नावे या उत्तरभागांचीच होती. जागा थोडी, अनुदान बेताचे आणि वाळवीची भीती कायमची, त्यामुळे मंडळींचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. तरीही मी त्यास कसून विरोध केला. पाचवा भाग कोणी नेत नाही हे खरे. परंतु तो फळीवर नाही असे कळले तर पहिला भाग नेणाऱ्याचा हातही कचरतो, हे मी पाहिले होते. ज्या मालेचा शेवट गावात उपलब्ध नाही तिच्यात जीव गुंतविणे माणसाला नको वाटते, मग तो शेवट त्याला आवडो की न आवडो. मंडळाने अखेर माझे म्हणणे मान्य करून ‘संच अभंग ठेवावा’ असा शेरा यादीवर मारला.

या अडचणीतून निघण्याची एक वाट आमच्याच जिल्ह्यात जन्मलेल्या लेखकाने दाखविली आहे. गोपाळ नीलकंठ दांडेकर १९१६ साली परतवाड्यास जन्मले. ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’ आणि ‘हे तो श्रींची इच्छा’ या त्यांच्या पाच कादंबऱ्या मिळून शिवकालाचा पट पुरा होतो, तरी त्यांतील प्रत्येक कादंबरी आपापल्या माणसांवर, मावळ्यांच्या आणि कोळ्यांच्या घरांवर, उभी आहे. एका पुस्तकाची उधारी दुसऱ्यावर येत नाही. त्यामुळे आमच्याकडे या पाचांच्या चिठ्ठ्यांवर तारखा बऱ्याच सारख्या पडलेल्या आहेत. कोणी कोठूनही आरंभ करतो आणि कोठेही थांबतो. हा मार्ग शहाणपणाचा आहे याबद्दल मला शंका नाही. तरी एकाच माणसाचा हात धरून आयुष्यभर चालण्याचे जे सुख खरी माला देते ते येथे नाही, हेही तितकेच खरे; आणि मावशींसारखी वाचक त्या सुखाच्या आशेने पुन्हा पुन्हा फसावयास तयार असते.

माझ्या वह्यांतील एक नोंद मात्र या सगळ्या विवेचनात बसत नाही, आणि तिचा विचार मी अनेकदा केला आहे. हरिभाऊंच्या १९०८–०९ मधील ‘सूर्यग्रहण’चा शेवट त्यांच्या हातून झालाच नाही, कादंबरी अपुरी राहिली, आणि १९१९ साली ते गेले. वरील न्यायाने सर्वांत मोठी तक्रार या पुस्तकाची यावयास हवी होती. प्रत्यक्षात ते परत करणारा वाचक मेजाशी रेंगाळतो आणि पुढे काय व्हावयास हवे होते ते सांगू लागतो. बाजार समितीतल्या एका मापाऱ्याने आणि एका निवृत्त शिक्षकाने या प्रश्नावर माझ्यासमोर दोन सर्वस्वी भिन्न शेवट इतक्या तपशिलाने मांडले, आणि आपापल्या शेवटासाठी ते इतक्या निकराने भांडले, की वाचनालय बंद करण्याची वेळ टळून गेली तरी दोघांपैकी एकही उठेना. मापाऱ्याच्या शेवटात कल्पित माणसांपैकी एकालाही त्याने वाऱ्यावर सोडलेले नव्हते. साध्या हुजऱ्याचेसुद्धा पुढे काय झाले ते त्याला ठाऊक होते.