टेकडीची वाट आणि दोन शॉकअपची सायकल

पुणेकराला डोंगर गाठण्यासाठी गाव सोडावे लागत नाही. विधी महाविद्यालय रस्ता, गोखलेनगर, पाषाणची पंचवटी किंवा कोथरूड यांपैकी कोणत्याही बाजूने पहाटे निघालात, तरी अर्ध्या तासात वेताळ टेकडीच्या माथ्यावर पोहोचता येते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी म्हणजे शहरातील सर्वांत उंच जागा. माथ्यावर वेताळाचे देऊळ, खाली जुनी दगडाची खाण आणि तिच्यात साठलेले पाणी, उतारावर वन खात्याने लावलेल्या गिरिपुष्पाची राने आणि मधूनच मोराची केका. रोज सकाळी हातात काठी घेतलेले आजोबा, गटाने येणाऱ्या गृहिणी आणि धावपटू ही वाट तुडवतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्यात डोंगरी सायकलस्वारांची भर पडली आहे, आणि त्यांत चाळिशी-पन्नाशीच्या मंडळींचे प्रमाण लक्षणीय आहे.

या मंडळींपैकी अनेकजण दवाखान्यात कंबर दाखवायला येतात आणि उठता उठता एक प्रश्न विचारतात : ‘डॉक्टर, दोन शॉकअपची सायकल घेतली तर कंबर थांबेल का? आणि घ्यायची तर कोणती?’ प्रश्न दीड-दोन लाख रुपयांचा असतो आणि घरात त्यावरून चर्चा झालेली असते. मी स्वतः या वाटांवर सायकल चालवतो, म्हणून उत्तर औषधाच्या चिठ्ठीपेक्षा जरा सविस्तर देत आहे.

ही वाट कशाची बनली आहे?

सायकल निवडण्याआधी पायाखालची जमीन पाहावी. आपल्या टेकड्या बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या. हा कातळ थरांनी बसलेला असल्यामुळे वाटेत जागोजागी वीतभर उंचीच्या नैसर्गिक पायऱ्या लागतात. त्यांच्यामधल्या भागात मुरूम आणि सुटा घसारा. श्रावणात हा मुरूम दाबून बसलेला असतो आणि चाक त्याला छान धरते. दिवाळीपर्यंत गवत वाळून आडवे होते आणि दगड झाकून टाकते. मार्च उजाडला की मुरमाची भुकटी होते आणि बारीक खडे चाकाखाली ज्वारीच्या दाण्यांसारखे सरकू लागतात. बाभळीचे काटे बारमाही.

एकाच वाटेची ही तीन रूपे आहेत. मात्र तिन्हींत एक गोष्ट समान आहे : येथे उतार लहान असतात. शहराच्या सपाटीपासून माथा दोनशे-अडीचशे मीटर वर. उतरायला दहा मिनिटे लागतात, पण त्यासाठी अर्धा-पाऊण तास स्वतःच्या पायांनी चढावे लागते.

हे सांगण्याचे कारण असे की, डोंगरी सायकलीचा जन्म निराळ्या डोंगरावर झाला. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी घड्याळ लावून शर्यत घेतली. त्यांच्या सायकली जुन्या, जाड टायरच्या आणि पॅडल उलटे फिरवून ब्रेक लावण्याच्या होत्या. एका उतारातच ब्रेकच्या हबमधील ग्रीस जळून जाई आणि ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नाव ‘रिपॅक’ पडले. पुढच्या चाकाचा रॉकशॉक्सचा शॉकअप बाजारात आला तो १९८९ मध्ये. मागच्या चाकालाही शॉकअप असलेली सायकल दीर्घकाळ वजनदार आणि चढाला आळशी समजली जाई. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरने अशाच दोन शॉकअपच्या सायकलीवर सुवर्णपदक जिंकले, तेव्हा तो आक्षेप बराचसा मावळला.

आज कॅटलॉगमध्ये ज्या भारदस्त सायकली दिसतात, त्यांतील अनेक कॅनडातील व्हिसलर किंवा आल्प्ससारख्या ठिकाणांसाठी घडवलेल्या असतात. तेथे सायकल लिफ्टने वर जाते आणि स्वार फक्त उतरतो. वेताळ टेकडीला लिफ्ट नाही, हे खरेदी करताना विसरू नये.

दोन सायकली, एकच वाट

पुढचा शॉकअप असलेली आणि मागून ताठ असलेली सायकल म्हणजे हार्डटेल. तिच्यावरून वर जायचे तर प्रश्न आहे तो निवडीचा. ढोबळमानाने आपल्यासमोर दोन पर्याय असतात. एक, चाक सुमारे १२० मिलिमीटरपर्यंत वर-खाली होऊ देणारी हलकी सायकल. दुसरा, सुमारे १५० मिलिमीटरची दणकट सायकल. पहिलीचे वजन साधारण १३-१४ किलो, दुसरीचे १५-१६ किलो. पहिलीचा पुढचा फोर्क, ज्याला आपले सायकल दुरुस्तीवाले चिमटा म्हणतात, थोडा उभा असतो. दुसरीचा पुढे कललेला असतो, त्यामुळे ती तीव्र उतारावर स्थिर राहते आणि सपाटीवर वळायला जड वाटते.

लागोपाठच्या दोन रविवारी मी मित्रांकडून या दोन्ही प्रकारच्या सायकली मागून आणल्या आणि पंचवटीकडून एकाच वाटेने चढून एकाच वाटेने उतरलो.

चढावर १२० ची सायकल जवळजवळ हार्डटेलसारखीच चालली. फरक जाणवला तो कातळाच्या पायऱ्यांवर. हार्डटेलवर अशा ठिकाणी सीटवरून उठावे लागते, नाहीतर मागचे चाक उसळते, पकड सुटते आणि पाय टेकावा लागतो. येथे मागचे चाक दगडाला चिकटून राहिले आणि मी बसूनच पार झालो. पन्नाशीच्या गुडघ्यांना याचे मोल मोठे आहे. १५० च्या सायकलीनेही पायऱ्या पार केल्या, परंतु प्रत्येक पॅडलगणिक शॉकअप किंचित दबत राहिला आणि माथ्यावर पोहोचेपर्यंत दम अधिक लागला.

हा दबण्याचा दोष पारखायचा असेल, तर सायकल सिंहगडाच्या घाटात न्यावी. पायथ्यापासून गडापर्यंत आठ-नऊ किलोमीटरचा सलग डांबरी चढ आहे. तेथे शॉकअप बांधून ठेवणारी कळ, म्हणजे लॉकआउट, आहे की नाही आणि ती हँडल न सोडता फिरवता येते की नाही, हे पहिल्या वळणावरच कळते. गडावर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खाऊन झाले, की खालच्या वळणांवर डिस्क ब्रेकचीही परीक्षा घ्यावी.

उतारावरचा अनुभव मात्र उलटा होता, आणि डॉक्टर म्हणून मला तोच महत्त्वाचा वाटतो. हार्डटेलवर ज्या घसाऱ्यात मी आपोआप ब्रेक दाबतो, तेथे १२० ची सायकल थोडी थरथरली आणि ‘सावकाश’ असे सांगून गेली. १५० च्या सायकलीवर तो घसारा जाणवलाच नाही. मी सहज, न ठरवता, बऱ्याच अधिक वेगाने खाली आलो. पुढच्या वळणावर एक आजी नातवाचे बोट धरून उभ्या होत्या. अंतर पुरेसे होते, सायकल थांबली. पण वाचकहो, तेथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. मोठा शॉकअप लहान धक्के गिळतो, तसाच तो वेगाची जाणीवही गिळतो. पडण्याची शक्यता त्याने कमी होते, परंतु पडलात तर ते अधिक वेगात. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, आणि आपली हाडे पंचविशीतली राहिलेली नसतात.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पुण्याच्या टेकड्या, मुळशीकडच्या मातीच्या वाटा आणि आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या एवढीच आपली मजल असेल, तर १२० ते १३० मिलिमीटरची सायकल पुरे. १५० ची सायकल अशांनी घ्यावी, जे उतरण्याचे तंत्र प्रशिक्षकाकडून शिकले आहेत, अंगभर संरक्षक साहित्य वापरतात आणि वर्षातून काही वेळा खरोखर मोठ्या उतारांवर जातात.

कंबर थांबेल का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मागच्या शॉकअपमुळे मणक्याला बसणारे हादरे कमी होतात, हे खरे. पण सायकलस्वारांची कंबर बहुतेक वेळा हादऱ्यांपेक्षा चुकीच्या बैठकीमुळे दुखते. सीट फार उंच असेल तर प्रत्येक पॅडलला कटिप्रदेश डावी-उजवीकडे डोलतो. हँडल फार दूर असेल तर पाठ ताणली जाते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल, तर तळहातावरील दाबामुळे तेथील नस चेपली जात आहे असे समजावे. जांघेत बधिरपणा येत असेल तर सीटची उंची, कल आणि रुंदी तपासावी. हे दोष नव्या सायकलीवरही जसेच्या तसे सोबत येतात.

त्यामुळे आधी आहे त्याच सायकलीवर कमी खर्चाचे तीन उपाय करून पाहावेत. बैठक जाणकाराकडून बसवून घ्यावी. रुंद, ट्यूबविरहित टायर बसवून हवा थोडी कमी ठेवावी. आत द्रव सीलंट असल्यामुळे बाभळीच्या काट्यांचाही त्रास वाचतो. आणि हँडलवरील कळ दाबताच सीट खाली जाणारा ड्रॉपर बसवावा, म्हणजे उतारावर वजन सहज मागे नेता येते. दोन महिन्यांनी वेदना गेल्या आणि तरीही खडबडीत वाटांची ओढ राहिली, तर नवी सायकल अवश्य घ्यावी. वेदना गेल्या नाहीत, किंवा कळ पायात उतरत असेल, तर सायकलीच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जावे.

खरेदीच्या दिवशी

बाजारात दहा-पंधरा हजारांतही ‘डबल शॉकअप’ लिहिलेल्या सायकली मिळतात. त्यांतील साधी स्प्रिंग कोणत्याही वजनाला सारखीच झुलते, सांगाडा अवजड असतो, आणि टेकडीवर त्या उपयोगाच्या नाहीत. त्यापेक्षा चांगली हार्डटेल कधीही श्रेयस्कर.

चांगल्या शॉकअपमध्ये हवा असते आणि तिचा दाब आपल्या वजनानुसार भरायचा असतो. पूर्ण पेहराव आणि पाण्याची पिशवी घेऊन सायकलीवर बसल्यावर मागचा शॉकअप त्याच्या एकूण चालीच्या २५ ते ३० टक्के दबला पाहिजे. चाल ५० मिलिमीटर असेल तर साधारण १३ ते १५ मिलिमीटर. शॉकअपच्या दांड्यावरची रबरी कडी ते मोजून दाखवते. दुकानदार ही तपासणी करून देत नसेल, तर दुसरे दुकान पाहावे.

सायकलीचा आकार केवळ उंचीवर ठरवू नये, चालवून पाहावी. शॉकअपची देखभाल, मागच्या सांध्यांमधील बेअरिंगे आणि पावसाळ्यानंतरची साफसफाई यांचा वार्षिक खर्च विचारून घ्यावा. काही उत्पादक तर दर ५० तासांच्या वापरानंतर शॉकअपची किरकोळ सर्व्हिसिंग सुचवतात. ते करणारा कारागीर आपल्या गावात आहे का, हा प्रश्न रंग निवडण्यापूर्वी विचारावा. हेल्मेट, गुडघ्यांची कवचे आणि हातमोजे यांचे पैसे सायकलीच्या अंदाजपत्रकातच धरावेत. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट, बाहेरून धड दिसले तरी, बदलावे.

टेकडीवर जाण्यापूर्वी

पन्नाशीनंतर चढाची सायकल नव्याने सुरू करणाऱ्यांनी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. चढावर छातीत दडपण किंवा डाव्या हातात कळ आली तर ‘दमलो असेन’ म्हणून पुढे जाऊ नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे, कारण डोक्याचा साधा मारही त्यांना महागात पडू शकतो. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतलेली असावी.

हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर तेथील स्कॅफॉइड नावाचे लहान हाड मोडले असण्याची शंका घ्यावी. पहिल्या एक्स-रेमध्ये ही मोड अनेकदा दिसत नाही. मनगट आधारात ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासावे लागते. डोके आपटून भोवळ, मळमळ किंवा गोंधळल्यासारखे झाले, तर त्या दिवशी पुन्हा सायकलीवर बसू नये आणि एकट्याने घरी जाऊ नये. आणखी एक : सायकलीने हृदय आणि फुप्फुसे बळकट होतात, पण हाडांवर शरीराचा भार पडत नाही. म्हणून आठवड्यातून दोन दिवस चालणे आणि वजनाचे व्यायाम सोडू नयेत.

टेकडीवर पहिला हक्क पायी चालणाऱ्यांचा आहे. समोर माणूस दिसला की वेग कमी करावा, घंटी हळू वाजवावी आणि अरुंद जागी उतरून उभे राहावे. पावसाळ्यात कास किंवा पाचगणीसारख्या सड्यांवरची फुले चाकाखाली चिरडू नयेत. ठरलेल्या वाटेने जावे, नवी वाट पाडू नये. येत्या रविवारी जमले तर आपली जुनी सायकलच घेऊन माथ्यावर जा. कोठे उतरावे लागते, कोठे भीती वाटते आणि कोठे दुखते, हे एका कागदावर लिहून आणा. तो कागद दुकानात सोबत न्या. विक्रेत्याशी काय बोलायचे ते त्यावरच लिहिलेले असेल.