पहाटे पाचचा आकडा

अण्णांच्या डाव्या खांद्यावर कायम एक काळानिळा डाग असायचा. एक जिरला की दुसरा उठायचा. सांगलीच्या आमच्या जुन्या घरातली दारं अरुंद, सागवानी चौकटींची. अण्णा त्या चौकटींना धडकायचे आणि म्हणायचे, "वय झालं, तोल जातो." आम्हीही तेच धरून चाललो. सकाळचा पेपर ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, छोट्या जाहिरातींसकट. इतकं बारीक वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत काही बिघडलं असेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

काचबिंदू असाच येतो. आधी कडेची नजर खातो, मधली शेवटपर्यंत ठेवतो. दुखत नाही, खुपत नाही, डोळा लाल होत नाही. अण्णांना डॉक्टरांकडे नेलं नव्हतं असंही नाही. दर वर्षी नेत होतो. अकराच्या सुमारास नंबर लागायचा, डोळ्याचा दाब 17 नाहीतर 18 यायचा. 10 ते 21 म्हणजे नॉर्मल, म्हणून "प्रेशर छान आहे, आजोबा" असं ऐकून आणि चष्म्याचा नवा नंबर घेऊन आम्ही घरी यायचो. बाहुली मोठी करून डोळ्याच्या मागची नस कुणी पाहिलीच नाही. पाहिली तेव्हा ती पांढरी पडलेली होती. शेवटची तीन वर्षं वहिनी त्यांना पेपर वाचून दाखवत होती. 2009 मध्ये ते गेले.

ही चुटपुट माझ्या मनात असल्यामुळेच मी स्वतःचा डोळा वेळेत दाखवला. मी गेली सत्तावीस वर्षं स्वित्झर्लंडमध्ये, लोझानला राहते. उतारावर वसलेलं गाव, खाली मोठं तळं. एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते. बावन्नाव्या वर्षी इथल्या डॉक्टरबाईंनी माझ्या उजव्या डोळ्याची नस पाहून काचबिंदू सांगितला. वडिलांना होता म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. रोज सकाळी टिमोलॉलचा एक थेंब सुरू झाला. चार-चार महिन्यांनी दाब मोजायचा. 15, 16, पुन्हा 15. सगळं ताब्यात.

पण फील्ड टेस्ट वेगळंच सांगत होती. ज्यांनी ती दिली असेल त्यांना ठाऊक आहे : एक डोळा झाकून, हनुवटी टेकवून पांढऱ्या घुमटात बघत बसायचं आणि बारीकसा दिवा चमकला की बटण दाबायचं. दोन वर्षांत माझ्या कागदावरचा करडा डाग नाकाच्या बाजूने पसरत चालला होता. दाब ताब्यात आणि नस झिजतेय. मला लगेच अण्णांचा 17 चा आकडा आठवला.

डॉक्टरबाईंनाही तेच खटकत होतं. दाब मोजायचं जे यंत्र जगभर प्रमाण मानतात ते गोल्डमान टोनोमीटर. डोळ्यात सुन्न करणारा आणि पिवळ्या रंगाचा थेंब टाकतात, निळा उजेड सोडतात, एक छोटा शंकू बुबुळाला टेकवतात आणि हिरवी दोन अर्धवर्तुळं एकमेकांना भिडली की आकडा वाचतात. हान्स गोल्डमान बर्नचे, आमच्यापासून रेल्वेने तासाभरावरचे. 1950 च्या दशकातली ही रचना आजही हटलेली नाही, इतकी ती पक्की आहे. पण मोजणी काही सेकंदांचीच. वर्षाला तीन खेपा म्हणजे वर्षभरातलं पुरतं एक मिनिटही नाही, आणि तेही उजेडी, ताठ बसून. डोळ्याचा दाब मात्र दिवसभर वरखाली होत असतो. आडवं झालं की बहुतेकांचा चढतो. माझ्या डोळ्यात रात्री दोनला काय चाललंय, हे कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून 2017 च्या नोव्हेंबरात एका मंगळवारी सकाळी नऊ वाजता त्यांनी माझ्या उजव्या डोळ्यात ट्रिगरफिश नावाचं कॉन्टॅक्ट लेन्ससारखं भिंग बसवलं. चोवीस तासांसाठी.

बसवण्याआधी मी ते नीट पाहिलं. मऊ, पारदर्शक, सिलिकोनचं, साध्या लेन्सपेक्षा चांगलंच जाड. आत सोनेरी तारेची बारीक वर्तुळं आणि एका बाजूला मोहरीएवढा काळा ठिपका. ती चिप. आमच्या आजीच्या नथीतल्या मोत्याभोवती जशी तार असते, तशी ती तार दिसत होती. भिंगात बॅटरी नाही. डोळ्याभोवती, भुवईपासून गालापर्यंत, चिकटपट्टीसारखी एक मऊ चकती लावतात. तो अँटेना. त्याच्यातून रेडिओलहरींनी भिंगाला वीज पोचते आणि त्याच वाटेने मोजमाप बाहेर येतं. अँटेनापासून निघालेली वायर गळ्यात अडकवलेल्या छोट्या डबीला जोडलेली. दर पाच मिनिटांनी तीस सेकंद मोजणी. दिवसाला 288 वेळा.

मोजतं काय? दाब नव्हेच. डोळ्यातला दाब वाढला की बुबुळाचा पुढचा पारदर्शक पडदा किंचित ताणला जातो, त्याचा बाक बदलतो. दाब एका मिलिमीटर पाऱ्याने वाढला तर बाकाच्या त्रिज्येत साधारण तीन मायक्रॉनचा फरक पडतो. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करावा. भिंगातली तार तेवढ्याशा ताणाने ताणली जाते आणि तिच्यातून वाहणाऱ्या विजेत फरक पडतो. हे सुचलं ते आमच्याच गावात, तळ्याकाठच्या पॉलिटेक्निकमध्ये. मात्तेओ लेओनार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. त्या इमारतींवरून मी बसने शेकडो वेळा गेले असेन. आता तिथली वस्तू माझ्या डोळ्यात होती, आणि खरंच सांगते, मला भरून आलं. अण्णांच्या वेळी हे असतं तर, असं वाटल्याशिवाय राहिलं नाही.

दिवस बरा गेला. उजव्या डोळ्याने अंधुक दिसत होतं, डोळ्यात धुळीचा कण अडकल्यासारखं होत होतं. अंघोळ नाही, पावसात जायचं नाही. हातात एक वही दिली होती : कधी जेवलात, कधी चाललात, कधी आडव्या झालात, सगळं वेळेसह लिहा. फोडणीचा धूर डोळ्यात जाऊ नये म्हणून भाताला वरून नुसतं तूप घातलं.

संध्याकाळी दादाचा व्हिडिओ कॉल आला. माझा चेहरा पाहून तो घाबरलाच. मी सगळं समजावून सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता.

"आपल्याकडे मिळतं का गं हे?"

"ते नंतर बघू. दादा, तू दाखवलेस का डोळे?"

"दिवाळीत चष्म्याचा नंबर काढला की."

"नस बघितली?"

तो काही बोलला नाही. मागे वहिनीचा आवाज आला, "मी हेच सांगतेय यांना."

रात्र मात्र लांबली. कुशीवर झोपले तर अँटेना उशीला घासणार, म्हणून उताणी पडले. चिकटपट्टीखालची कातडी खाजत होती, तिथे हात लावायचा नाही. मोजणी सुरू होते तेव्हा काहीच जाणवत नाही, ना आवाज ना कंप, तरी दर पाच मिनिटांनी मी वाट पाहत होते. दोननंतर कधीतरी झोप लागली. सकाळी भिंग काढलं तेव्हा डोळा लालबुंद होता आणि पुढच्या पडद्यावर भिंगाच्या कडेचा गोल ठसा उमटला होता. दिवसभरात तो गेला. पण हे चोवीस तास सोपे असतात असं मी कुणाला सांगणार नाही.

आलेख मी डॉक्टरबाईंच्या शेजारी बसून पाहिला. दिवसभर रेघ खालीच, थोडी दातेरी. त्या दात्यांत माझ्या पापण्यांची उघडझापही नोंदली गेली होती. अकराच्या पुढे, वहीत "आडवी झाले" लिहिलं होतं तिथे रेघ एकदम उभी चढली. मग पहाटेपर्यंत वरच, पाचच्या आसपास सगळ्यांत उंच, आणि उठून बसल्यावर घसरली.

"म्हणजे किती झाला दाब?" मी विचारलं.

ते हे भिंग सांगत नाही, असं त्या म्हणाल्या. आकडे येतात ते मिलिव्होल्टचे, पाऱ्याच्या मिलिमीटरचे नाहीत. रेघ कधी चढते हे कळतं, किती चढते हे नाही. माझी निराशा झाली, हे लपवत नाही. एवढं सोसल्यावर माणसाला आकडा हवा असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये या भिंगाला परवानगी दिली तीही याच मर्यादेत : दाब कोणत्या वेळी मोजावा, ती वेळ शोधण्यासाठी.

वेळ कळली होती. मग त्यांनी मला आठवडाभरासाठी घरी वापरायचं एक फिनिश यंत्र दिलं. कपाळ आणि गाल यांना टेकवून धरायचं, बटण दाबलं की पिनेच्या टोकासारखी काडी बुबुळाला निसटता स्पर्श करून मागे जाते. डोळा सुन्न करावा लागत नाही. मी पावणेपाचचा गजर लावला, अंधारात पलंगावर उठून बसले आणि पाचला मोजलं. 23. दुसऱ्या दिवशी 24. तिसऱ्या दिवशी पुन्हा 23. दुपारी ग्रंथालयात मोजला तर 15. आणि पहाटेचे आकडे उठून बसल्यावरचे. पडून असतानाचा दाब याहूनही जास्त असणार.

इथे सगळा उलगडा झाला. टिमोलॉलचा परिणाम दिवसा चांगला होतो, रात्री झोपेत फारसा होत नाही. माझा थेंब मला दवाखान्यात 15 दाखवत होता आणि रात्री सोडून देत होता. डॉक्टरबाईंनी तो बदलून रात्री झोपताना घ्यायचा प्रोस्टाग्लँडिनचा थेंब दिला, तो दिवसरात्र काम करतो. महिन्याने पुन्हा ते फिनिश यंत्र आणलं. पहाटे पाचला 17. त्यानंतरच्या तीन फील्ड टेस्टमध्ये डाग होता तेवढाच आहे. गेलेली नजर परत येत नाही, नस पुन्हा उगवत नाही. आहे तेवढी राखायची.

असं भिंग प्रत्येकाला मिळेल असं मी म्हणत नाही. ते महाग आहे, थोड्या ठिकाणी आहे आणि त्याचं उत्तर अर्धं आहे. पण त्यातून जे कळलं त्याला भिंग लागत नाही. अकरा वाजताचा एक नॉर्मल आकडा म्हणजे डोळा ठीक, हे खरं नाही. आमच्या घराने ते अण्णांच्या नजरेची किंमत देऊन शिकलं.

दादा जानेवारीत मिरजेला जाऊन आला. बाहुली मोठी करून तपासलं. दोन्ही डोळ्यांत सुरुवात आहे, दाब 18. त्याचे थेंब सुरू झालेत, आणि त्याची मुलगी चाळिशीची झाली म्हणून तीही दाखवून आली.

तुमच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू असेल, तर चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका. बाहुली मोठी करून नस बघा, असं डॉक्टरांना स्वतःहून सांगा. थेंब चालू असूनही फील्ड टेस्ट बिघडत असेल, तर दाब दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोजता येईल का, ते विचारा.