द्यूतनगरींत तीन दिवस

जन्मांत ज्यानें कधीं कवडीहि पणास लावली नाहीं, त्यानें द्यूताच्या राजधानीचें वर्णन लिहावें, हें वाचकांस थोडें विचित्र वाटेल. पत्त्यांचा आम्हांस विटाळ होता असें नव्हे; मेंढीकोट आणि पांच-तीन-दोन हे खेळ आमच्या घरांत उन्हाळ्याच्या सुटींत दुपारभर चालत. परंतु पैसे लावून खेळण्याची गोष्ट कोणीं काढली कीं आमची आजी मुकाट्यानें उठून माजघरांत जाई. आमच्या आजोबांच्या धाकट्या बंधूंनीं एका दिवाळींत विहिरीजवळचा मळा तीन पत्तींत घालविला होता. त्या रस्त्यानें जातांना आमचे वडील मळ्याच्या बाजूला कधीं पाहत नसत, आणि त्याविषयीं बोलतहि नसत. अशा घरांत वाढलेल्या आम्हांस साठी उलटल्यावर लास व्हेगास पाहण्याचा योग आला, तो असा.

२०२४ सालच्या उन्हाळ्यांत आम्ही अमेरिकेंत न्यू जर्सी येथें पुतण्याकडे गेलों होतों. पुतण्या संगणकाच्या कामांत निष्णात आणि स्वभावानें सरळ. परंतु तीन वर्षांपासून त्यास ‘पोकर’ नामक पत्त्यांच्या खेळाचा नाद लागलेला. आपल्याकडील मुलांना क्रिकेटच्या धावा पाठ असतात, तसे त्याला नामांकित खेळाडूंचे डाव मुखोद्गत. त्या सुमारास एका व्यापारी मंडळीनें या खेळावर प्रश्न घालून स्पर्धा लावली होती, तींत त्याचा क्रमांक लागला. बक्षीस म्हणजे दोघांचा विमानप्रवास, लास व्हेगास येथें तीन दिवसांचा मुक्काम, आणि एका धंदेवाईक खेळाडूच्या पंक्तीला एक संध्याकाळ! सूनबाईला सातवा महिना चालू असल्यामुळें डॉक्टरांनीं तिला प्रवासाची मनाई केली होती. तिनें आम्हांस स्वयंपाकघरांत बोलावून हलक्या आवाजांत सांगितलें, “काका, हे नोकरी सोडून खेळावरच राहण्याचं बोलतात. तुम्ही यांच्याबरोबर जा. अडवूं नका, फक्त तो माणूस काय सांगतो तें नीट ऐकून या.” हें ऐकल्यावर नाहीं म्हणणें आम्हांस शक्य नव्हतें.

सुमारें पांच तासांच्या विमानप्रवासानंतर खालीं तपकिरी, उघडे डोंगर दिसूं लागले. ‘लास व्हेगास’ या स्पॅनिश शब्दांचा अर्थ ‘कुरणें’ असा आहे. वाळवंटांत झऱ्यांच्या आधारानें हिरवळ होती, तिच्यावरून हें नांव पडलें. १५ मे १९०५ रोजीं रेल्वेवाल्यांनीं येथें जमिनीचे तुकडे लिलावानें विकले आणि गांव वसलें. पुढें १९३१ सालीं दोन गोष्टी एकदम घडल्या. नेवाडा संस्थानानें द्यूत कायदेशीर केलें, आणि जवळच कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचें बांधकाम सुरू झालें. मजुरांच्या हातांत पगार आणि गांवांत उघडीं द्यूतगृहें, असा हा योग जुळून आला.

विमानतळावर सामानाची वाट पाहावी तों समोरच नाणेफेकीचीं यंत्रें! देवदर्शनाला आलेल्या यात्रेकरूला पायरीवरच पुजाऱ्यानें गांठावें, तसें वाटलें. बाहेर उन्हाचा असा तडाखा कीं विदर्भांतला वैशाख आठवला. ज्या राजमार्गावर मोठमोठीं द्यूतगृहें उभीं आहेत, त्याचा बराच भाग लास व्हेगास शहराच्या हद्दींत येतच नाहीं. सरकारदफ्तरीं त्या वस्तीचें नांव ‘पॅराडाइज’, म्हणजे नंदनवन, असें आहे. आंत शिरतांच थंडगार हवा, गालिचे आणि दिव्यांचा लखलखाट. आम्हीं पुष्कळ शोधलें, परंतु त्या अफाट दिवाणखान्यांत घड्याळ कोठें दिसलें नाहीं. जेवणाची वेळ झाली हें आम्हांस आमच्या पोटानेंच सांगितलें.

पहिल्या रात्रीं आम्ही एका फिरत्या चक्राजवळ उभे राहिलों. चक्राला ३८ घरें. एका घरावर एक डॉलर लावावा. गोळी तेथें थांबली तर लावलेला डॉलर धरून ३६ हातीं येतात. आम्हीं शाळेंतल्या फळ्यावर मांडावा तसा हिशेब मनांत मांडला: सर्व घरांवर एकेक डॉलर ठेवला तर ३८ जातात आणि ३६ परत येतात. म्हणजे गोळी कोठेंहि पडो, यजमानाचे दोन डॉलर ठरलेलेच. हें पुतण्यास सांगतांच तो उत्साहानें म्हणाला, “म्हणूनच मी हें खेळत नाहीं, काका. पोकरमध्यें यजमान खेळतच नाहीं.”

तें खरें होतें. पोकरच्या सध्यां सर्वांत प्रचलित प्रकारांत प्रत्येकाला दोन पानें पालथीं मिळतात. मग मध्यें पांच पानें, प्रथम तीन, मग एक, मग एक, अशीं सर्वांसाठीं उघडीं मांडतात. या दरम्यान चार वेळां पैसे लावण्याची फेरी येते. सातांपैकीं ज्याचीं पांच पानें श्रेष्ठ, त्याचा डाव. परंतु हातीं कांहीं नसतांहि मोठी रक्कम पुढें सारून इतरांना पानें टाकावयास लावतां येतें. ही ‘हूल’ या खेळाचा प्राण आहे. बावन्न पानांतून दोन पानें १,३२६ प्रकारांनीं येऊं शकतात, आणि त्यांत दोन एक्क्यांचे प्रकार अवघे सहा. म्हणजे २२१ वेळां वाटलें तर सरासरीनें एकदां. घरधनी प्रत्येक डावांतून ठराविक मर्यादेपर्यंत लहानसा वाटा काढून घेतो. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत द्यूताध्यक्षानें जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच घ्यावे असें सांगितलें आहे, त्याचें आम्हांस स्मरण झालें. इतक्या शतकांनंतर टेबल बदललें. सभिकाचा वाटा कायम आहे.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें आम्हांस जुन्या शहरांतील फ्रीमाँट रस्त्यावर नेलें. त्याच्या दृष्टीनें ती पंढरीच होती. येथें १९५१ सालीं बेनी बिनियन यानें ‘हॉर्सशू’ नांवाचें द्यूतगृह काढलें, आणि १९७० सालीं नामांकित खेळाडू जमवून पोकरची जागतिक स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षीं खेळाडूंनींच मतें देऊन जॉनी मॉस यास श्रेष्ठ ठरविलें. परंतु पुतण्याची श्रद्धा जडली होती ती २००३ सालावर. त्या वर्षीं टेनेसीकडील ख्रिस मनीमेकर नांवाचा एक सामान्य हिशेबनीस, घरीं संगणकावर अल्प फीच्या पूर्वस्पर्धा जिंकून, दहा हजार डॉलर प्रवेश फी असलेल्या मुख्य स्पर्धेंत दाखल झाला. ८३९ खेळाडूंत तो पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन घरीं गेला. आडनांवाचाच अर्थ ‘पैसे करणारा’! ही बातमी पसरली आणि पुढच्याच वर्षीं खेळाडूंची संख्या २,५७६ झाली. पुतण्या त्या इमारतीसमोर उभा राहून म्हणाला, “तोसुद्धां नोकरी करणाराच होता, काका.”

आम्ही कांहीं बोललों नाहीं. स्पर्धा आतां राजमार्गावरील दोन मोठ्या वास्तूंत भरते. तेथें दुपारीं आम्हीं शेंकडों टेबलें पाहिलीं. हजारों माणसें बोटांनीं चकत्या वाजवीत बसलेलीं. तो आवाज रात्रीं ओढ्याकांठीं किरकिरणाऱ्या किड्यांसारखा. हरलेला मनुष्य उठे, पिशवी खांद्याला लावी आणि निघून जाई. शेजारचा मान वर करूनहि पाहत नसे. त्या वर्षीं पुढें जुलै महिन्यांत झालेल्या मुख्य स्पर्धेंत १०,११२ जण बसले. साधारण सातांत एकाला कांहीं तरी परत मिळालें. बाकीच्यांचे दहा हजार बुडाले. त्यांपैकीं एकाचेंहि नांव कोणाला मुखोद्गत होणार नाहीं.

संध्याकाळीं भेटीची वेळ आली. पुतण्यानें नवा सदरा घातला होता. आमच्या कल्पनेप्रमाणें अंगठ्या घातलेला, गर्विष्ठ मनुष्य समोर येणार होता. प्रत्यक्षांत पन्नाशी उलटलेले, चष्मा लावणारे, साध्या पोशाखांतले एक गृहस्थ ठरल्या मिनिटाला हजर झाले. त्यांचें नांव येथें देत नाहीं. त्यांनीं मद्य घेतलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं खेळावयाचें आहे, म्हणाले. आम्ही शाकाहारी आहों हें कळतांच त्यांनीं स्वतः आचाऱ्याला बोलावून भात व भाज्यांची व्यवस्था केली.

पुतण्यानें मोठ्या उमेदीनें आपले गाजलेले डाव सांगितले. त्यांनीं तें सर्व शांतपणें ऐकून घेतलें, मग विचारलें, “वही आणली आहे?”

“कसली वही?”

त्यांनीं खिशांतून एक लहान वही काढून टेबलावर ठेवली. तारीख, किती तास बसलों, टेबल कितीचें, आणि शेवटीं अधिक किंवा उणें: अशा रकान्यांनीं पानामागून पान भरलेलें. अशा वह्यांनीं घरीं एक पेटी भरली आहे, असें ते म्हणाले. एका पानावर बोट ठेवून त्यांनीं दाखविलें. तेथून पुढें सलग सात महिने बहुतेक दिवस उणें. “या सात महिन्यांत मी वाईट खेळलों नव्हतों. पानें यावयाचीं तशींच येतात. घरखर्चाचे पैसे मी वेगळे ठेवले होते, म्हणून तगलों. तुम्ही तीन वर्षें खेळतां. तीन वर्षांची बेरीज किती?”

पुतण्या गप्प झाला. जिंकलेले डाव त्यास तारीखवार पाठ होते. बेरीज मात्र त्यानें कधीं केली नव्हती.

“हिशेब न ठेवणारा मनुष्य खेळाडू नव्हे,” ते म्हणाले, “तो गिऱ्हाईक.” मग त्यांनीं घरीं कोण कोण आहे हें विचारलें. मूल होणार आहे हें ऐकून त्यांनीं हातांतला कांटा खालीं ठेवला. त्या देशांत पुष्कळांचा आजारपणाचा विमा नोकरीबरोबर मिळतो आणि नोकरीबरोबर जातो. “बाळंतपणाचा खर्च कोण देणार?” या प्रश्नालाहि उत्तर नव्हतें.

आमच्या मनांत एक प्रश्न घोळत होता. मोडक्यातोडक्या इंग्रजींत आम्हीं तो विचारला: “आपण जें मिळवितां, तें कोणाचें असतें?”

त्यांनीं उत्तर टाळलें नाहीं. “शुक्रवारीं पगार घेऊन येणाऱ्याचें,” ते म्हणाले. “येथें पैसा पिकत नाहीं, साहेब. तो फक्त एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो.” आणि थोड्या वेळानें पुतण्याकडे पाहून, “आज संध्याकाळीं यजमानांनीं मला तुमच्याबरोबर जेवावयास बोलावलें आहे. एरव्हीं आपण एकाच टेबलावर बसलों असतों, तर मी तुमचेंच घेतलें असतें.”

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. ऋग्वेदांतील १० व्या मंडलाच्या ३४ व्या सूक्तांत फांशांनीं नागवलेल्या कितवाचा विलाप आहे. त्याची पत्नी त्याला दुरावते, आणि शेवटीं फांसे टाकून शेती कर असा त्याला उपदेश होतो. तें आम्ही मुलांना शिकवीत आलों. परंतु त्या गृहस्थांना पाहून दुसरीच कथा आठवली. वनपर्वांत ऋतुपर्ण राजा रथ थांबवून बेहड्याच्या झाडावरचीं पानें-फळें नुसत्या नजरेनें मोजून सांगतो. नल झाड पाडून तीं मोजतो, तों संख्या बरोबर निघते. तेव्हां ऋतुपर्ण म्हणतो कीं ज्याला संख्या कळते त्यालाच अक्षविद्या कळते. ही विद्या शिकल्यावर नल पुष्कराशीं पुन्हां एकदां खेळला, राज्य परत घेतलें, आणि त्या हरलेल्या भावाला त्याचें त्याचें देऊन सोडून दिलें. आमच्या धाकट्या आजोबांना संख्या कळत नव्हती, आणि समोरच्याला बहुधा कळत होती.

तिसऱ्या दिवशीं परतीचें विमान रात्रीं होतें, म्हणून आम्ही हूव्हर धरण पाहावयास निघालों. वाटेंत बोल्डर सिटी लागली. धरणाच्या कामगारांसाठीं मध्यवर्ती सरकारनें हें गांव वसविलें आणि तेथें द्यूताला बंदी घातली. द्यूतावर उभ्या असलेल्या त्या प्रदेशांत आजहि त्या गांवीं एकहि द्यूतगृह नाहीं. पुढें दोन कड्यांमध्यें ७२६ फूट उंचीची ती भिंत आणि पाठीमागें निळें पाणी दिसलें. पुतण्या कठड्याला टेकून बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, “काका, घरीं गेल्यावर बेरीज करतों.”

त्यानें घरापर्यंत वाट पाहिली नाहीं. विमानांत बसल्याबसल्या त्यानें आपल्या बँकेचे उतारे उघडले आणि आमच्याकडून वही मागून घेतली. आम्ही आंकडे वाचीत होतों, तो लिहीत होता. पहांटेच्या सुमारास रेघ ओढली गेली. रक्कम उणें आली; एका मनुष्याच्या पांच महिन्यांच्या पगाराएवढी. तो कांहीं वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. तेव्हां आम्हीं त्याला विहिरीजवळच्या मळ्याची हकीकत प्रथमच सांगितली. त्याला ती ठाऊकच नव्हती! आमच्या वडिलांनीं तिकडे पाहिलें नाहीं, आम्हीं तोंडांतून काढली नाहीं, आणि घरांतला एवढा मोठा तोटा एका पिढीनंतर कोणाच्याच हिशेबांत उरला नाहीं. ज्या परक्या गृहस्थांना आम्ही मनांतून हीन लेखीत होतों, त्यांनीं आपला प्रत्येक तोटा तारीखवार लिहून ठेवला होता.

घरीं पोंचल्यावर पुतण्यानें वही सूनबाईच्या हातांत दिली. ती शेवटचा आंकडा पाहून कांहीं बोलली नाहीं. वही मिटून तिनें दुधाच्या हिशेबाच्या वहीशेजारीं ठेवली. सप्टेंबरांत त्यांना मुलगी झाली. पुतण्या नोकरींत आहे. महिन्यांतून एकदां मित्रांकडे थोडक्या पैशांवर खेळतो आणि आल्यावर लिहितो.

२०२५ सालीं आपल्या संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा केला. कायद्यानें दार लावतां येतें, आणि तें लावावें हें आमचें मत आहे. तथापि दाराच्या आंत आपलें किती गेलें, हें ज्या त्या घरानें आपल्या मुलांना सांगितलेंच पाहिजे. गांवीं परत आल्यावर आम्ही विहिरीच्या रस्त्यानें गेलों. मळ्यांत ऊंस उभा होता. आम्हीं थांबून पाहिला, आणि बरोबरच्या नातवाला तो कोणाचा होता व कसा गेला, तें सर्व सांगितलें.