लंघन सोडताना

मुदतीच्या तापात आजोबांना २१ दिवस लंघन घडलं, ही गोष्ट आजी कणकवलीच्या घरात कितीदा तरी सांगायची. ताप उतरल्यावर आजोबा ताटभर भात मागत होते. तिनं दिली पेजेची निवळ, तीही चमच्याचमच्यानं. "उपाशी आतड्यात एकदम अन्न गेलं तर माणूस हातचा जातो रे," ती म्हणायची.

फुप्फुसाचंही तसंच असतं, हे मला वयाच्या ५८व्या वर्षी टोरोंटोत कळलं.

फायब्रोसिसनं माझी दोन्ही फुप्फुसं वाळक्या दोडक्यासारखी झाली होती. त्यांच्या जागी कुणा अनोळखी माणसाची बसवली. बऱ्याच महिन्यांनी, तपासणीच्या एका खेपेला, सर्जनबाई सहज बोलून गेल्या, "धमनीवरचा चिमटा सोडायला मी दहा मिनिटं घेतली." टाके घालून झाले की काम संपलं, असं मी समजत होतो. खरी कसोटी तिथून पुढे असते. थंड पेटीत, आत थोडा ऑक्सिजन भरून ठेवलेलं फुप्फुस काही तास रक्ताविना तग धरतं. गरम रक्त परतलं की मात्र ऑक्सिजनचे जहाल रेणू उसळतात, पांढऱ्या पेशी गोळा होतात, केशवाहिन्यांचं अस्तर झिरपू लागतं आणि हवेच्या पिशव्यांत पाणी शिरतं. ज्या रक्तासाठी ते ताटकळलेलं असतं, तेच त्याला बुडवू शकतं. पहिले ७२ तास ही धास्ती असते. म्हणून चिमटा किंचित किंचित सैल करायचा आणि श्वासयंत्राचा दाब, ऑक्सिजन बेतानं द्यायचा. पेजच ती!

आणि या पेजेची तयारी फुप्फुस काढतानाच सुरू होते. आधी त्यातलं रक्त धुवायला मुळात मूत्रपिंडासाठी बनवलेलं, भरपूर पोटॅशियमचं द्रावण वापरत. त्या पोटॅशियमनं फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आकसायच्या. कमी पोटॅशियमची वाट जपानी शल्यचिकित्सकांनी दाखवली. टोरोंटोत शफ केशवजी, जोएल कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात डेक्स्ट्रान घातलेलं द्रावण पारखलं. डेक्स्ट्रान पाणी वाहिन्यांतच धरून ठेवतं आणि बारीक वाहिन्यांतून रक्त वाहतं ठेवतं. १२ तास जपलेली फुप्फुसं नीट चालली, हे त्यांनी १९८९ साली मांडलं. ते प्रयोग कुत्र्यांवर झाले होते. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या प्रत्येक श्वासामागे ती मुकी जनावरंही उभी आहेत, हे मी कधी मनातच आणलं नव्हतं.

दात्याच्या घरच्यांना पत्र लिहिता येतं, पण त्यात नावगाव घालायचं नसतं. मी चार ओळी लिहिल्या, सहा वेळा फाडल्या, सातव्यांदा पाठवल्या. उत्तराची वाट मी पाहत नाही. त्यांचं दुःख त्यांच्यापाशी.

दात्याचं नाव, गोत्र, तिथी काहीच ठाऊक नाही. म्हणून सर्वपित्री अमावास्येला आईवडिलांच्या पानाशेजारी मी आणखी एक पान वाढतो. कावळ्याचा घास मागच्या अंगणात ठेवतो. आणि श्वानाचा घास घेऊन, शेजाऱ्यांना विचारून, त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्यापुढे जमिनीवर बसतो. तो भात सावकाश खातो. मीही उठायची घाई करत नाही.