बादलीतले व्होल्ट

गावच्या घरात व्होल्टमीटर नव्हता आणि त्यावाचून अडलंही नाही. सकाळी शेवटची आंघोळ किती वाजता उरकली, यावरून लाइनीत किती दम आहे ते घरभर कळायचं.

पाणी विजेवर तापू लागण्याआधी बंब होता. तांब्याचा, मधोमध जाळाचं नळकांडं आणि भोवती पाणी. वरून गार पाणी ओतलं की तोटीतून कढत पाणी यायचं. बंबफोड, नारळाच्या शेंड्या, शेंगांची टरफलं, काहीही चालायचं. डीपी जळाली काय नि राहिली काय, बंबाला सोयरसुतक नसे. तरी बंबाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी एकदा श्रावणातली ओली लाकडं फुंकून पाहावीत. रॉड आला त्याच आठवड्यात आईने बंब माळ्यावर टाकला.

रॉड दीड हजार वॉटचा. बादलीवर आडवी काठी, तिला तो अडकवलेला आणि चुन्याची पुटं चढलेली वेटोळी पाण्यात. बटण चालू असताना पाण्याला हात लावायचा नाही, ही सक्त ताकीद. त्यामुळे नुसतं बघत बसायचं. आधी वेटोळ्यांभोवतीचं पाणी थरथरे, मग बारीक बुडबुडे सुटत आणि रॉड सूं सूं करू लागे. आमचं गाव ऊसपट्ट्यातलं. शेतीची थ्री-फेज आली की नदीकाठच्या मोटारी एकदम सुरू होत आणि रॉडचा आवाज बसे. बल्ब तांबूस होई, ट्यूब नुसती लुकलुके. रॉड मात्र अर्ध्या पगारावरच्या गड्यासारखा राबत राही.

अर्धा पगार हा शब्दशः हिशेब आहे. वेटोळ्याचा रोध जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. २३० च्या जागी १६० व्होल्ट म्हणजे सुमारे ७० टक्के, पण वर्ग केला की उरतात ४९. दीड हजारांचा रॉड सव्वासातशे वॉटवर येतो. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला एरवी २३-२४ मिनिटं पुरतात, तिथे पाऊण तास उलटून जातो. युनिटं मात्र जवळपास तेवढीच पडतात. हे आजोबांना शेवटपर्यंत पटलं नाही. लाइट कमी तर बिलही कमी, असं त्यांचं म्हणणं.

पुण्यात भाड्याच्या खोलीत तीन किलोवॉटचा इन्स्टंट गीझर भेटला. मिनिटाला दोन लिटरची धार धरली तर तो पाणी जेमतेम २१ अंशांनी तापवतो. व्होल्टेज १८० वर आलं की १३ अंशांनी. म्हणजे डिसेंबरात १८ अंशांचं पाणी ३९ च्या ऐवजी ३१ वर अंगावर येतं. नळ पिळून धार बारीक करणं एवढाच उपाय. टाकीवाला गीझर यापेक्षा पोक्त. कमी व्होल्टेज तो पोटात घालतो, फक्त त्याला आधी लावून ठेवावं लागतं.

पुढे मुलगी न्यू जर्सीला गेली, तेव्हा इथली दीड हजार वॉटची किटली अ‍ॅडॉप्टरसकट घेऊन गेली. तिथे १२० व्होल्ट. किटलीत उरले जेमतेम चारशे वॉट आणि लिटरभर पाण्याला पंधरा मिनिटं. उलट तिथली किटली इथे लावली असती तर पावणेचार पटीने तापायला निघाली असती आणि क्षणात जळाली असती. १८८२ साली एडिसनने मॅनहॅटनमध्ये पर्ल स्ट्रीटच्या केंद्रातून दिव्यांसाठी ११० व्होल्टची वीज दिली. त्या दिव्यांचा हिशेब तिथल्या स्वयंपाकघरात अजून चालू आहे. गंमत म्हणजे तिच्याच तळघरात पाण्याची मोठी टाकी २४० व्होल्टवर साडेचार हजार वॉट ओढते. घरात १२० च्या दोन उलट फेज येतात, त्या दोन्हींमध्ये जोडलं की २४० मिळतात. एवढं असून चहाच्या वाट्याला निम्मेच.

परवा चुलतभावाचा गावाहून फोन आला. नवीन न्हाणीघर बांधतोय.

“दादा, इन्स्टंट बसवू का?”

“मोटारी अजून सकाळीच सुरू होतात का?”

“आता गावठाणाचा फीडर वेगळा आहे. पण आपल्या डीपीवर गीझरच इतके झालेत, की सकाळी सहाला पुन्हा तीच गत.”

मग पंधरा लिटरची टाकीच घे आणि पाचला बटण दाब, म्हटलं. पाचला कोण उठणार, यावर त्याच्या घरात अजून वाद चालू आहे.