सहीवरचा मजकूर

जव्हार आणि मोखाडा हा सह्याद्रीच्या कुशीतला डोंगराळ मुलूख. आषाढ-श्रावणात येथे पावसाची झड लागली, की भिंतींना ओल येते आणि पेटीतल्या कपड्यांनाही कुबट वास येऊ लागतो. अशा ठिकाणी जुना कागद टिकविणे मोठे कठीण. शाई पसरते, घड्यांवर बुरशी धरते आणि उरलेसुरले वाळवी खाऊन टाकते. थोरांची पत्रे जमविण्याचा नाद ज्याला लागेल, त्याने आधी कोरडी जागा शोधावी आणि मग पत्रे शोधावीत!

हा नाद जुना आहे. कोणी टपालाची तिकिटे जमवितो, कोणी नाणी. तसे काही जण शास्त्रज्ञांची आणि संशोधकांची स्वाक्षरी असलेली पत्रे मिळवितात. पूर्वी युरोपात काही हौशी मंडळी पत्राखालची तेवढी सही कात्रीने कापून वहीत चिकटवीत आणि बाकीचे पत्र टाकून देत. आंबा फेकून देठ जपण्याचाच हा प्रकार!

खरा ऐवज मजकुरात असतो. १२ मार्च १९४४ रोजी होमी भाभा यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीला एक पत्र लिहिले. त्या वेळी ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. वय अवघे ३४ वर्षांचे. हिरोशिमावर अणुबाँब पडावयास अजून सतरा महिने अवकाश होता. तरीही भाभांनी लिहिले, की मूलभूत संशोधनाची संस्था आताच काढावी. म्हणजे आणखी वीसएक वर्षांनी अणूपासून वीज होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागणार नाही. या पत्रातूनच १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था जन्मास आली. १९६९ साली तारापूरला अणुवीज निर्माण होऊ लागली. त्या कामी अमेरिकेचे साहाय्य घ्यावे लागले, हे खरे. पण पुढे तेथीलच तिसरी आणि चौथी अणुभट्टी भारतीयांनी स्वतः उभारली. हे तारापूर आज जव्हार-मोखाड्याच्याच पालघर जिल्ह्यात आहे. भाभांना मात्र यातले काहीच पाहावयास मिळाले नाही. १९६६ साली विमान-अपघातात त्यांचा अंत झाला.

पण लिहिणाऱ्यालाच आपल्या कागदांची पर्वा नसली तर? आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी सापेक्षतेवरील आपला १९०५ सालचा निबंध छापून झाल्यावर मूळ हस्तलिखित टाकून दिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात युद्धनिधीसाठी त्याची मागणी झाली, तेव्हा १९४३ साली त्यांनी छापील निबंध पुन्हा हाताने उतरविला. त्यांच्या चिटणीस हेलन ड्यूकास मजकूर सांगत आणि ते लिहीत. मध्येच लेखणी थांबवून त्यांनी विचारले, की हे आपण खरेच असे लिहिले होते काय? हेच अधिक सोपे करून सांगता आले असते, असेही ते म्हणाल्याचे सांगतात. १९४४ साली ती प्रत ६५ लाख डॉलरच्या युद्धरोख्यांना गेली. आता ती वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहे. १९०५ सालचे मूळ कागद मात्र कोणाच्याच संग्रहात नाहीत.