स्टिअरिंगखालचं सोळा पिनांचं सॉकेट

ऑक्टोबर 2010 मध्ये आपल्या गावानं एका दणक्यात सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या, हे आपण अजूनही पाहुण्यांना कौतुकानं सांगतो. 2001 पासून शेंद्र्याला स्कोडा तयार होते, पुढं ऑडीही होऊ लागली, हेही सांगतो. पण ज्या सॉकेटातून गाडी आपलं दुखणं सांगते, ते ओबीडी पोर्ट कुठं असतं असं विचारा. बहुतेकजण डॅशबोर्डकडं बघत बसतील. ते असतं खाली, स्टिअरिंगच्या आसपास, गुडघ्याजवळ. सोळा पिनांचं.

हा विषय आठवायचं कारण म्हणजे मित्राच्या पोरानं घेतलेली सेकंडहँड टू-सीटर स्पोर्ट्स कार. इंजिनाचं टेंपरेचर, टर्बोचं प्रेशर मोबाईलवर दिसावं म्हणून त्यानं ऑनलाइन एक डोंगल मागवलं आणि दिलं खोचून. असल्या गाडीत बसायचं म्हणजे जवळपास झोपायचंच. पाय ठेवायला जागा केवढीशी. डोंगल बाहेर लोंबतंय, गुडघा लागतोय. जालना रोडच्या मागच्या गल्लीतल्या वायरिंगवाल्या चाचांनी वाकून बघितलं आणि एकच विचारलं, "बाबा, ये ब्रेक के नीचे लुढक गया तो?"

पोरगं गप्प.

मग चाचांनी जे काम केलं ते मी स्टूल ओढून बघत बसलो. चपट्या पट्टीची एक्स्टेन्शन केबल घेतली. वायर आधी कापडी टेपमध्ये गुंडाळली, म्हणजे खडखड वाजत नाही. गुडघ्यासमोरचं पॅनल उघडून केबल आतून नेली आणि झिप टायनं एका पक्क्या ब्रॅकेटला बांधली. फिरणाऱ्या स्टिअरिंग कॉलमला नाही, पेडलच्या दांड्याला नाही आणि पिवळ्या वायरिंगला तर हातच लावला नाही, कारण ते एअरबॅगचं. डोंगल पॅनलच्या मागं वेल्क्रोवर बसवलं. शेवटी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, पेडल तळापर्यंत दाबून बघितले. कुठं अडकलं नाही तेव्हा पॅनल लावलं. बाहेरून काही केलंय असं वाटतही नाही.

अजून एक गोष्ट त्यांनी बजावली. सोळा नंबरच्या पिनेवर बॅटरीचा करंट चावी काढल्यावरही चालू असतो. रविवारीच बाहेर निघणारी गाडी असेल तर डोंगल आठवडाभर बॅटरी पीत बसतं. म्हणून केबलला बारीक स्विच असलेली बरी. आणि गाडी सर्व्हिसला देताना डोंगल काढायचं, नाहीतर त्यांचा स्कॅनर आणि हे एकाच वेळी बोलायला लागतात आणि गोंधळ होतो.

इथपर्यंत हौसेची गोष्ट झाली. पुढची आपल्या सगळ्यांची आहे.

2015 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी शेव्हरोले कॉर्वेट घेतली. तीही स्पोर्ट्स कारच. तिच्या याच पोर्टला विमा कंपन्या वापरतात तसलं सिमकार्डवालं डोंगल होतं. त्यांनी लांबून एसएमएस पाठवून वायपर चालू केले आणि गाडी हळू असताना ब्रेक निकामी करून दाखवले. म्हणजे पोर्टला जे लावाल ते गाडीच्या घरात येतं, नुसतं ओसरीवर बसत नाही. आपल्याकडचे स्वस्त ब्लूटूथ डोंगल तर बऱ्याचदा 1234 नाहीतर 0000 या पिनवर उघडतात, बरं का.

आपल्याकडंही विमा नियामकानं जुलै 2022 मध्ये 'जेवढी चालवाल, जशी चालवाल' तसा हप्ता घ्यायला परवानगी दिली. सवलत मिळत असेल तर घ्या ना, माझी काही हरकत नाही. पण रात्री किती वाजता फिरता, ब्रेक कसा दाबता, ही माहिती कुणाकडं जाणार आणि किती दिवस राहणार, हे सही करायच्या आधी लेखी विचारा. एजंट म्हणेल, "सर, फॉर्मॅलिटी आहे." तरी विचारा.

उपाय म्हणून पोर्टला कुलूप घाला, असं काहीजण म्हणतात. परदेशात काही कंपन्यांनी तसं सुरूही केलंय. कंपनीची परवानगी असलेल्या स्कॅनरशिवाय गाडी पूर्ण बोलतच नाही. इथं मात्र माझं मत वेगळं आहे. हे पोर्ट मुळात धूर आटोक्यात राहावा आणि बिघाड कुठल्याही मेकॅनिकला वाचता यावा म्हणून आलं. अमेरिकेत 1996 पासून ते सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं. ते बंद झालं तर चाचांसारख्यांचं दुकान बंद, आणि आपण शोरूमच्या बिलाच्या ताब्यात. केंद्रानं 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, पोर्टलही काढलं, त्यात वाहनंही आहेत. आपल्या गल्लीपर्यंत त्यातलं काय पोचलं?

गॅरेजवाले, वायरिंगवाले जे कोणी हे वाचत असतील त्यांनी सांगा. बीएस-6 गाड्यांत तुमचा स्कॅनर कुठं अडतो? कुठल्या कामाला गिऱ्हाईक परत पाठवावं लागतं? नावं छापणार नाही. बातमी मात्र करणार आहे.